एका थाळातले आठजण

तस्नीमच्या नावापुढे लाल खूण! कारण काय, तर 'मुलीने दुपारी आठ माणसांचं जेवण एकटीने खाल्लं. घरातले बाकीचे सातजण उपाशी.'

चंद्रावरच्या शिबिराला जायचं तर आहारयंत्राची हिरवी खूण हवी, आणि मुदत उद्यापर्यंतच. तस्नीम रडकुंडीला आली. नाशिकच्या तिच्या घरी तपासणीला आलेलं आहारयंत्र, मापट्या, तेही बुचकळ्यात पडलं होतं.

"बेरीज तीनदा केली. बरोबर आहे."

"बेरीज बरोबर असेल रे, पण गृहीतक (न तपासता खरी धरलेली गोष्ट) चुकलंय," दादाजी म्हणाले. वजनमापांचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली होती. "एक ताट म्हणजे एक माणूस, असं तू धरून चाललास. आम्ही बोहरी. आमचा थाळ एकच, आणि भोवती सगळं घर."

"मग आठाने भागतो!"

संध्याकाळी मापट्याने थाळावर उजेडाच्या रेघा पाडून आठ वाटे केले. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आधी चिमूटभर मीठ चाखलं आणि जेवण सुरू झालं. दादाजींनी आपली मटणाची बोटी तस्नीमकडे सरकवली. तिने त्यातली अर्धी धाकट्या भावाला भरवली. मापट्याचे दिवे लुकलुकू लागले.

"कोणी किती खाल्लं?"

"कुणास ठाऊक!" सगळे एकदम म्हणाले.

तस्नीमने दादाजींकडे पाहिलं. असल्या उत्तराला हिरवी खूण कशी मिळणार?

"तुला शोधायचंय काय?" दादाजींनी मापट्याला विचारलं.

"मुलगी धडधाकट आहे का, ते."

"मग थाळात काय डोकावतोस? थाळावरून नुसता अंदाज बांधता येतो. मुलगी तर समोर बसलीय!"

मापट्याने तिची उंची मोजली, रक्ताचा थेंब तपासला, तिला जिना चढायला लावला. सगळं उत्तम. तरी 'किती खाल्लं?' हा रकाना रिकामाच. मग त्याने जन्मात पहिल्यांदा लिहिलं, 'मोजता आलं नाही. मुलगी निरोगी.' आणि सगळ्या यंत्रांसाठी एक नवा रकाना जोडला: 'कोणाबरोबर जेवते?'

हिरवी खूण लागली.

शिबिरात प्रत्येकाला वेगळं ताट होतं. तिथल्या यंत्राचे आकडे अगदी अचूक येत होते. तस्नीम मात्र चार घासांतच थांबली. पोट भरलं की नाही, तेच तिला कळेना. तेवढ्यात शेजारच्या मुलीने आपली पुरी तिच्या ताटात टाकली. तस्नीमला हसू आलं, आणि भूकही लागली.

यंत्राचा लाल दिवा लागता लागता थांबला. "कोणाबरोबर जेवतेस?" त्याने विचारलं.

तस्नीम शेजारणीकडे वळली. "तुझं नाव काय गं?"