चिंचेवरचा उजेड आणि कललेली गाडी

"तो बघा! पुन्हा आला!" नंदीश गच्चीच्या कठड्यावरून वाकून ओरडला.

शिवांजली आणि अमरनाथ धावत आले. बेंबळीच्या शिवारावर संध्याकाळ हळूहळू उतरत होती. ज्वारीच्या पानांवर निळसर धुकं पसरलं होतं आणि त्यात ओढ्याकाठची चिंच तरंगत असल्यासारखी दिसत होती. तिच्या शेंड्यात उजेडाचे दोन गोळे अलगद सरकत होते. पानापानांत सोनं पेटल्यासारखं वाटत होतं!

सातवीतली शिवांजली आणि पाचवीतला नंदीश येळवशीसाठी धाराशिवहून बेंबळीला मामाकडे आले होते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. सहावीतला मामेभाऊ अमरनाथ त्यांची केव्हाची वाट बघत होता.

"हात जोडा, लेकरांनो!" शेजारच्या अंगणातून शिवम्माआज्जी म्हणाल्या. "येळवस जवळ आली की लक्ष्मी शिवार बघाया निघती. तिचाच उजेड हाय त्यो."

तिघांनी हात जोडले. नंदीशने मात्र एक डोळा उघडाच ठेवला.

"ताई, एक दिवा वर आणि एक खाली का गं? लक्ष्मीनं ताट तिरकं धरलंय का?"

"गप रे!" अमरनाथ कुजबुजला.

पण शिवांजली बघतच राहिली. उजेड चिंचेवरून उतरला, ज्वारीवरून तरंगत आला, बांधाशी वळला आणि मग, पी पी!! गौरीशंकरमामांची गाडी फाटकातून आत शिरली.

"लक्ष्मी न्हाय, पप्पा हायेत!" अमरनाथ पोट धरून हसला.

नंदीशचा चेहरा उतरला. त्याला ती चिंचेवरची लक्ष्मी खरी हवी होती.

"थांबा," शिवांजली म्हणाली. "दिवाळीत आपण याच गाडीतून आलो होतो. तेव्हा दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडायचा. आता तो चिंचेवर कशाला चढतोय?"

कोडं एक सुटलं आणि दुसरं तयार झालं!

सकाळी मामा गाडी पुसत होते. जुनीच पांढरी गाडी, पण आता पुढून चांगलीच उचललेली.

"नव्या स्प्रिंगा टाकल्यात!" मामा छाती फुगवून म्हणाले. "जुन्या पार बसल्या होत्या. ह्या लई दणकट. म्या आन् शेजारच्या बंडप्पानं हितंच अंगणात बसवल्या, जेवायच्या आधी काम फत्ते! कशी दिसती?"

"हत्तीसारखी!" नंदीश म्हणाला. "पण मामा, हत्तीचा एक पाय लांब आहे."

खरंच! गाडी डावीकडे किंचित कललेली होती, झोपेत मान कलते तशी.

"अंगणाला उतार हाय, राजा," मामा हसले. "आन् नवी स्प्रिंग हळूहळू बसतीच. जावा, खेळा!"

मुलं गेली, पण खेळायला नाही. शिवांजलीने उमामामींच्या शिलाई मशीनवरचा दोरा आणला. चाकाच्या मधोमध एक टोक धरलं आणि दोरा सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत ताणला. तिथे गाठ मारली.

"जमिनीपासून का न्हाय मोजायचं?" अमरनाथने विचारलं.

"टायरात हवा कमीजास्त असली तर माप चुकेल. चाकाच्या मध्यापासून घेतलं की फक्त स्प्रिंगनं गाडी किती उचललीय ते कळतं."

तोच दोरा उजव्या चाकाला लावला. गाठ कडेपर्यंत पोचलीच नाही! चांगली दोन बोटं खाली राहिली.

"पण पप्पा म्हणत्यात तसं उतारानं झालं असंल तर?"

वारा आला. पिंपळाचं एक पान गिरक्या घेत टपावर उतरलं आणि घसरत घसरत डावीकडे गेलं. नंदीश त्याच्याकडे बघत स्वप्नात असल्यासारखा म्हणाला, "गाडीच उलटी फिरवली तर?"

"म्हणजे चाकं वर?" अमरनाथ दचकला.

"नाही रे! तोंड फिरवायचं. अंगणाचा उतार तिथंच राहील. उतारामुळं कलत असेल तर आता दुसरी बाजू खाली जाईल!"

"नंदू, तू झोपेत हुशार होतोस!" शिवांजलीने त्याची पाठ थोपटली.

दुपारी मामा बाजारातून आले तेव्हा अमरनाथने गोड आवाजात सांगितलं, "पप्पा, आज गाडी तोंड फाटकाकडं करून लावा की. उद्या निघायला बरं!" मामांनी लावली. ते आत गेल्यावर पुन्हा दोरा ताणला. उजवीच बाजू दोन बोटं उंच! उताराचा काही संबंध नव्हता.

मुलांनी हे सांगितलं, पण मामांनी हसण्यावारी नेलं. "दोन बोटांनी काय व्हतंय? उद्या त्याच गाडीतून शेतात जायचंय. तुमी, मामी, अंबिलीनं भरलेलं बिंदगं, सगळे!"

शेताच्या वाटेवर बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या होत्या आणि शेवटी ओढ्याचा उतार. एवढं वजन घेऊन, असल्या वाटेवर, कललेली गाडी! मामा ऐकत नव्हते. मग मामा कोणाचं ऐकतात?

"मामींचं!" तिघं एकदमच म्हणाले.

उमामामी ताक घुसळत होत्या. अंबिल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसणाची फोडणी दिलेली. गावात तशी कोणाची होत नसे.

"मामी," शिवांजली निरागसपणे म्हणाली, "उद्या गाडीत अंबिल सांडली तर?"

"का सांडंल? मामा संथ चालवत्यात."

"एकदा पाणी भरून बघूया?"

काठोकाठ भरलेली घागर मधल्या सीटसमोर ठेवली. मामी शेजारी बसल्या आणि मामांनी हसत हसत देवळापर्यंत एक फेरी मारली. जाताना सपाट डांबरी रस्ता, येतानाही तोच. दोन्ही वेळा पाणी डावीकडेच सांडलं. मामींच्या चपला भिजल्या, पदर भिजला. त्या गाडीतून उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो, ऐका. ही गाडी सरळ हुभी राहिल्याबिगर माझी अंबिल तिच्यात चढणार न्हाय!"

"अगं, पण..."

"आन् अंबिल न्हाय तर मीबी न्हाय!"

मामांचं हसू मावळलं. ते मुकाट्याने बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले. मुलं पोटावर पडून बघू लागली.

"डावीकडं बघा," शिवांजली म्हणाली. "स्प्रिंग जिच्यात बसते, त्या वाटीतल्या खाचेत तिचं खालचं टोक नीट बसलंय. उजवीकडं?"

मामांनी बॅटरी उजवीकडे फिरवली. उजव्या स्प्रिंगचं टोक खाचेत नव्हतंच! ते वाटीच्या काठावर चढून बसलं होतं. म्हणूनच ती बाजू उंच होती.

"आयला!" मामा पुटपुटले. "मोठ्या खड्ड्यात ही सटकली असती तर..." त्यांनी हात लांबवून नंदीशचं डोकं कुरवाळलं.

मामांनी हाक मारली आणि बंडप्पाकाका धावत आले. गाडी जॅकवर घेऊन खाली भक्कम स्टँड लावले, मुलांना ओट्यावर बसवलं आणि स्प्रिंग पुन्हा दाबून नीट खाचेत बसवली.

"आता बोल्ट कचकचून आवळ," मामा म्हणाले आणि लगेच स्वतःच थांबले. "न्हाय न्हाय! चाकं लोंबकळत असताना शेवटचं आवळायचं नसतं. सांध्यांतले रबरी बुश पीळ खाऊन बसत्यात आन् गाडी वरच अडून राहती. मला ठावं होतं की! त्या दिशी जेवायची घाई नडली."

गाडी चाकांवर उतरवली. सगळ्यांनी बंपर दाबून तिला झोके दिले, अंगणातच जरा पुढंमागं केली आणि मग वजन जमिनीवर असतानाच बोल्ट आवळले. शिवांजलीने दोरा ताणला. डावीकडे गाठ कडेला. उजवीकडे... गाठ कडेला!

"जमलं!" अमरनाथने उडीच मारली.

"अजून दिवे राहिलेत," नंदीश म्हणाला. "पुढून गाडी उंच झाली, म्हणून दिवे वर बघतात. समोरच्याच्या डोळ्यांत जातील."

सांजावताना गाडी भिंतीसमोर लावून मामांनी दोन्ही दिवे खाली घेतले, अगदी एका रेषेत.

दुसऱ्या दिवशी गाडी चाकोऱ्या ओलांडून, ओढा उतरून शेतात पोचली. अंबिलीचा थेंब सांडला नाही! ज्वारी डोक्याएवढी झाली होती. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्याशा खोपटात, पूजा झाली, मामांनी आरोळी देत पिकावर अंबिल शिंपडली. सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या. खाऊन खाऊन मुलं सावलीत आडवी झाली. वर ढग इतके सावकाश चालले होते की जणू शेतच कुठेतरी वाहत निघालं होतं.

जेवायला आलेल्या पाहुण्यांना मामा मोठ्याने सांगत होते, "माझ्या हातनं चूक झाली हुती. ह्या लेकरांनी दोऱ्यानं मोजून धरली. लई बारीक नजर! न्हायतर आज इथं असं हसत बसलो नसतो."

"शाब्बास रे वाघांनो!" पांढऱ्या मिशांचे वीरप्पाआजोबा म्हणाले आणि हळूच शिवांजलीकडे वाकले. "पोरी, माझा ट्रॅक्टरबी जरा वाकडा चालतोय. बघशील का?"

"बघू की, आजोबा!" शिवांजली उठली. "पण आधी तो सपाट जागी लावा!"

हशा पिकला. नंदीश तेवढा जागचा हलला नाही. ज्वारीच्या सळसळीत, तोंडाला तिळाची पोळी तशीच लागलेली, तो गाढ झोपला होता.