बंद पाकीट आणि झाकलेला चहा

पहिल्या भेटीत त्याने तिला चहा विचारला आणि दुसऱ्या भेटीपासून तो तिला टाळायला लागला. आता याचा अर्थ माणसाने काय लावायचा?

पहिली भेट प्रयोगशाळेच्या जिन्यात झाली. ती जंतू वाढवायच्या काचेच्या बशांचा ट्रे घेऊन उतरत होती, तो उंदरांचा पिंजरा घेऊन चढत होता. दोघं एकाच बाजूला सरकले, मग दुसऱ्या, आणि हसतच सुटले. तिथेच त्याने चहा विचारला, साखर किती तेही.

ती घशाच्या जंतूंवर काम करायची, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला घसाताई म्हणत. तो एकटा ‘ताई’ म्हणत नसे, हे तिने टिपून ठेवलं होतं. स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या अंगावर एक प्रोटीन असतं. नुसतं तेवढंच टोचलं तर शरीर त्याची ओळख ठेवेल आणि खरा जंतू आला की दारातूनच हाकलेल, अशी तिची अटकळ. तो उंदरांचा डॉक्टर. कुठल्या पिंजऱ्याला प्रोटीन टोचलं, कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे फक्त त्याला ठाऊक. यादी बंद पाकिटात. मग सगळ्याच उंदरांना खरा जंतू द्यायचा आणि कोण आजारी पडतं ते बघायचं. उंदरांच्या तब्येतीच्या नोंदी ती करणार, म्हणून तिला ते कळता कामा नये असा नियम होता.

पण नियम टोचणीपुरता ना? हा बाबा तर ती दिसली की मान खाली घालून पसार. एकदा चक्क कपाटाआड उभा राहिला. आणि तरी रोज चार वाजता बाहेरच्या खोलीत, तिच्या टेबलावर बशीने झाकलेला गरम चहा... साखर तिला हवी तेवढीच.

बहीण म्हणाली, आवडतेस तू त्याला. आई म्हणाली, डोकं फिरलंय त्याचं. तिला दोन्ही पटलं. इथल्या कामात तिचा जीव होता, पण हे तळ्यात-मळ्यात सोसवेना. शेवटी तिने दुसऱ्या शहरातली नोकरी घ्यायचं ठरवलं. होकार शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा होता, आणि पाकीट फोडायचं होतं त्याच दुपारी.

पाकीट फुटलं. प्रोटीनवाले उंदीर टुणटुणीत, मिठाच्या पाण्याचे बहुतेक आजारी. टाळ्या वाजल्या. ती वळली, तर तो दारात उभा होता आणि आज पळत नव्हता.

“तीन महिने टाळलंत मला,” ती म्हणाली.

“माझ्या तोंडावर सगळं दिसतं हो. घरचे मला पत्त्यांतसुद्धा घेत नाहीत. तुम्ही प्रोटीनवाल्या पिंजऱ्यापाशी थांबला असतात नि मी हसलो असतो, तर... तुमचं सगळं काम वाया गेलं असतं.”

“मग चहा?”

“चहाला... नियम नव्हता.”

तिला हसू आलं आणि रडूही. तीन महिने जिवाला घोर लावला, तो यासाठी? “आणि आता काय दिसतंय तोंडावर?”

“बघा ना,” तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते, पण त्याने मान वळवली नाही.

तिने बघितलं. अगदी सावकाश.

“मला एक नकार कळवायचाय, एका नोकरीला,” ती म्हणाली. “तोवर चहा करा. दोन कप. आणि ठेवून पळायचं नाही.”