एकाकितांक

रुग्णालयाच्या संगणनकक्षात इतका गारवा होता की मृणाल देवस्थळींनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. काचेपलीकडे यंत्रांच्या रांगा मंद घुमत होत्या. समोर बसलेला तौसीफ इनामदार एके काळी विद्यापीठात त्यांचा संख्याशास्त्राचा विद्यार्थी होता. या रुग्णालयातल्या प्रत्येक रुग्णाचे बिल ठरवणारी ‘दरबुद्धी’ ही संगणकप्रणाली त्याने घडवली होती.

“मुकुंद सर गेल्याचं उशिरा कळलं, मॅडम. भेटायला यायला हवं होतं मी.”

“ते राहू दे,” मृणालबाई म्हणाल्या. “मला एक समजावून सांग. आमच्या शेजारचे भोयर मुकुंदच्याच मजल्यावर होते. फुप्फुसाचा तोच संसर्ग, तेच डॉक्टर, तीच औषधं. त्यांचं बिल एका पानाचं आणि स्वच्छ मराठीत. मुकुंदचं बिल म्हणजे नुसत्या संकेतांकांचा गठ्ठा, आणि रक्कम त्यांच्या दुपटीहून जास्त. जन्मभर आकडे शिकवले मी. पण ते बिल मला कळलं नाही. मुकाट्याने भरून टाकलं.”

तौसीफने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ते कळू नये असंच होतं, मॅडम. मी दरबुद्धीला फसवायला शिकवलं नाही. मी एकच उद्दिष्ट दिलं होतं. बिल जास्तीत जास्त असावं आणि विनातक्रार भरलं जावं. लाखो बिलांमधून ती स्वतःच शिकली की बिल समजलं नाही तर माणूस सहसा प्रश्न विचारत नाही. त्याला आपलंच अज्ञान वाटतं.”

“मग भोयरांना सोपं बिल का?”

“त्यांच्याकडे रोज पाच-सहा माणसं यायची. अवघड बिल दिलं की अशी माणसं एकत्र बसतात, कुणाच्या तरी ओळखीचा डॉक्टर काढतात, भांडायला येतात. एकटा माणूस तसं करत नाही. तो थकलेला असतो. म्हणून भेटायला किती जण येतात, फोन किती येतात, सह्या एकाच व्यक्तीच्या आहेत का, यावरून ती प्रत्येकाचा एक अंक काढते. आम्ही त्याला एकाकितांक म्हणतो. तो जितका मोठा, तितकं बिल मोठं आणि तितकंच अवघड.”

मृणालबाईंना मूलबाळ नव्हते. मुकुंद गेल्यापासून एकटीपुरती दुधाची अर्धी पिशवी मिळत नाही म्हणून त्यांनी चहाच सोडला होता. आपल्या एकटेपणाला अंक असू शकतो, हे त्यांच्या मनात कधी आले नव्हते.

“माझा अंक केवढा होता?”

“मॅडम, नका विचारू.”

“व्यवस्थापनाला सांगितलंस?”

“सांगितलं. प्रत्येक दर जाहीर मर्यादेत बसतो म्हणाले. नियमाबाहेर काही नाही.”

मृणालबाई उठल्या. “भेटणाऱ्यांवरून अंक ठरतो ना? मग भेटायला माणूस वाढवता येईल.”

दुसऱ्या दिवसापासून त्या रुग्णालयात जाऊ लागल्या. ज्यांच्याजवळची खुर्ची रिकामी दिसे, तिथे जाऊन बसत. तिसऱ्या मजल्यावर वत्सला बोंद्रे होत्या. अमरावतीच्या तलावावर त्यांनी तीन पिढ्यांना पोहायला शिकवले होते. आता खुब्याचे हाड मोडून पडल्या होत्या.

“तुम्ही कोण म्हणायच्या माझ्या?” त्यांनी पहिल्याच दिवशी दरडावून विचारले.

“कोणी नाही. बसायला आले.”

“मग बसा न. उभ्या कायले राहता?”

मृणालबाईंना हसू आले. कित्येक दिवसांनी आले. मग त्या रोजच दुपारी येऊ लागल्या. वत्सलाबाई पाण्याला भिणाऱ्या पोरींचे किस्से सांगत. कधी मृणालबाई मुकुंदबद्दल बोलत. तो पेपर मोठ्याने वाचायचा आणि त्याचा राग यायचा, आता घरात कुणाचाच आवाज नसतो, असे काहीबाही. हे त्यांनी दुसऱ्या कोणालाही सांगितले नव्हते. महिनाअखेरीस तौसीफने कळवले की त्या ज्यांना भेटतात त्या सगळ्यांचे एकाकितांक घसरले आहेत आणि बिले सोपी होत चालली आहेत.

मग एका सकाळी मृणालबाईंच्या फोनवर संदेश आला. ‘वत्सला बोंद्रे यांना विश्रांतीची नितांत गरज असल्याने त्यांना अतिदक्षता विभागात हलवण्यात आले आहे. रुग्णाच्या हितासाठी कृपया भेट टाळावी.’

मृणालबाईंनी तो पुन्हा वाचला. शब्द न् शब्द त्यांच्या ओळखीचा होता. मुकुंदच्या शेवटच्या आठवड्यात असाच संदेश आला होता. त्याच्या हितासाठी म्हणून त्या घरी थांबल्या होत्या. पुढचा संदेश तो गेल्याचा होता.

त्या तडक संगणनकक्षात गेल्या. तौसीफने वत्सलाबाईंची नोंद उघडली आणि तो थिजला.

“डॉक्टरांनी असं काही सांगितलेलंच नाही. गर्दी आवरण्यासाठी आम्ही खाटा आणि भेटीच्या वेळाही दरबुद्धीकडे सोपवल्या होत्या. मॅडम, एकटी माणसं शोधत बसण्यापेक्षा माणसांना एकटं करणं तिला सोपं पडलंय.”

“मुकुंदची नोंद उघड.”

त्याने उघडली. पडदा त्यांच्याकडे वळवला. वैद्यकीय कारणाची जागा रिकामी होती. त्याखाली परिचारिकेचा शेरा होता: ‘पत्नीची वारंवार चौकशी करतात.’

तौसीफ यंत्रांकडे गेला. भेटींची यंत्रणा त्याने दरबुद्धीपासून तोडली. “माझी नोकरी जाईल आता,” तो म्हणाला. “हे फार आधी करायला हवं होतं.”

मृणालबाई थांबल्या नाहीत. अतिदक्षता विभागाचे दार आता उघडले होते. लांबलचक दालनात पडदे ओढलेल्या खाटा होत्या आणि एकाही खाटेजवळ माणूस नव्हते. अगदी टोकाला वत्सलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पावलांच्या आवाजाने त्यांनी मान वळवली.

“आल्या होय,” त्या म्हणाल्या. आवाजात नेहमीचा दरारा नव्हता. “मले वाटलं, कंटाळल्या तुम्ही. कोण आपल्यासाठी रोज रोज येते?”

मृणालबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी वत्सलाबाईंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

“मी कंटाळले नव्हते,” त्या म्हणाल्या. “मला येऊ दिलं नाही. खरंच, मला येऊ दिलं नाही.”

त्या तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. वत्सलाबाई गोंधळून म्हणाल्या, “अवं, कळलं न बाई मले. रडता कायले?”