फाटकाच्या आत की बाहेर?

नरहरी चुरी चिकूचा व्यापारी. फळ हातात घेतलं की ते उद्या पिकणार की परवा, हे त्याला कळे; माणसांच्या बाबतीत मात्र तो दर वेळी खोट खाई. म्हणून मेहुणी शालू राऊत हिच्या पालघरच्या तपास कचेरीत दुपारी येऊन बसायची त्याला चटक लागली होती. माणसं पारखायचं शिक्षण इथे फुकट, वर चहा.

त्या दुपारी माकुणसार गावची भाविका आली. पंचविशीची, डोळे जागरणाने चुरचुरलेले.

"ताई, माझा नवरा सुजित तारापूरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता. मंगळवारी गेला. कंपनी बोलते, ड्युटी सुटल्यावर ताडी प्याला नि कुंपणामागच्या ताडाखाली मेला. कामाचा नि मरणाचा संबंध नाय, असं मी लिहून दिलं तर माणुसकी म्हणून कायतरी देतील. आज संध्याकाळी सही हाय."

"हे सांगितलं कोणी?"

"अनुज वकिलांनी. आपणहून घरी आले. फी नाय घेत, मिळेल त्यात चौथा हिस्सा त्यांचा."

माणूस भला दिसतो, असं नरहरीने मनातल्या मनात जमेस धरलं. शालूची भुवई मात्र वर गेली.

"सुजित प्यायचा?"

"सणासुदीला. सासऱ्यांचेच ताड होते, ताडीतच वाढलेला माणूस. पण कामाच्या दिवशी? कधीच नाय."

"त्याच्याजवळ बाटली होती? पाहिलीस?"

"पाण्याचीच बाटली, अर्धी ताडी, फुगून टम्म झालेली. हवालदारानं वास घ्यायला झाकण फिरवलं नि फेस मिशीपर्यंत उडाला. लोक हसले, ताई. माझा माणूस तिथे पडलेला नि लोक हसले."

शालूने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "खिशात काय होतं?"

"रुमाल नि घराची चावी. गुळाचा खडा पण नव्हता."

"कसला गूळ?"

"धुळीचं काम. सुटताना सगळ्यांना खडा देतात, घसा साफ व्हायला. हे खायचे नाय, रुमालात बांधून स्वरासाठी आणायचे. पोरगी अजून तो रुमाल सोडून बघते."

नरहरीने उगाचच चष्मा पुसला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तपासायला काय काय पाठवलंय. मरणाचं कारण अजून लिहिलं नाय."

"कारण यायचंय, आणि सही मात्र आज," शालू म्हणाली. "सही करू नकोस. अनुजला निरोप दे, सही पालघरलाच, कोर्टासमोर मेघाली सावे वकिलांच्या कचेरीत करीन म्हणावं. कंपनीच्या साहेबांनाही घेऊन या म्हणावं. भावोजी, स्कूटर काढा."

कारखान्याकडे जाताना बोईसरच्या वाटेवर तिने ताडी केंद्रासमोर स्कूटर थांबवली आणि दोन बाटल्या घेतल्या. नरहरी हबकला.

"अगं, तपासाला निघालोय की सहलीला?"

"सरळ धरा. सांडलीत तर घरी ताईला मी नाही, तुम्ही उत्तर द्यायचं."

फाटकावर पंढरी होता. पालघरजवळच्या माहीमचा, पिकल्या मिशांचा पहारेकरी. बाटली हातात पडताच त्याने आधी झाकण ढिलं आहे ना ते चाचपलं आणि ती भिंतीच्या सावलीत उभी ठेवली.

"सुजित ना? तीनला सुटला. फाटक मीच उघडलं."

"गूळ कोण वाटतं?"

"मीच. न घेता कोण जात नाय."

"सुजितनं घेतला?"

"घेतला की. रुमालात बांधला, नेमीसारका." हे सांगताना तो शालूकडे नाही, बाटलीकडे बघत होता.

साहेबांच्या खोलीकडे जाताना आवारात एक टाकी दिसली. झाकण गंजलेलं, पण साखळी आणि कुलूप कोरं. किती नीटनेटका कारभार, असं नरहरीला वाटलं.

सुपरवायझर हर्षित सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या भागातून बदलून आलेला, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. "व्यसनापायी चांगला कामगार गेला हो."

"ती टाकी कधीपासून बंद आहे?"

"ती? वर्षभर कुणी हात लावला नाही."

शालूने दुसरी बाटली पुढे केली. "इथली खास. घरी न्या."

"आमच्याकडे कुठली मिळायला!" हर्षितने झाकण करकचून आवळलं आणि बाटली बॅगेत आडवी सारली.

"लाच द्यायची तर अशी?" बाहेर आल्यावर नरहरी कुजबुजला.

"लाच नाही, भावोजी. परीक्षा. एक पास झाला, एक नापास." आणि ती पुन्हा पंढरीकडे वळली. "काका, ड्युटी सुटली की पालघरला चला. सुजितची बायको तिथे बसलीय."

पंढरीने खाली बघतच मान डोलावली.

संध्याकाळी मेघाली सावेंच्या कचेरीत भाविका बाकावर अवघडून बसली होती. कोपऱ्यात पंढरी. अनुज कागद घेऊन आला. मागून हर्षित, चिडलेला. बॅग ओली, आंबूस वास सुटलेला.

"तुमची बाटली गाडीत फुटली हो!"

"फुटणारच," शालू म्हणाली. "ताडी बाटलीतही आंबत राहते. तिच्यातला वारा बाहेर पडायला वाट लागते. इथलं पोरही झाकण ढिलं ठेवतं. सुजित तर ताडांखालीच वाढला. तरी त्याच्या शेजारची बाटली फुगलेली होती, फेस मिशीपर्यंत उडाला. म्हणजे झाकण त्याने लावलेलं नव्हतं. पंढरीकाकांनीही नव्हे, त्यांनी माझ्यासमोर आधी झाकण चाचपलं. तुम्ही मात्र आवळलंत."

"झाकणावरून माणूस गुन्हेगार ठरतो?"

"नाही. म्हणून गूळ. काका म्हणतात, सुजितने खडा रुमालात बांधला. रुमाल मिळाला, खडा नाही. लेकीचा गूळ तो खात नसे. मग तो फाटकापर्यंत आलाच नाही. आणि वर्षभर कुणी हात न लावलेल्या टाकीला कोरी साखळी कशाला?"

पंढरीचा आवाज फुटला. "त्याला टाकीत उतरवला, साफ करायला. वर दोर धरायला माणूस नाय. आत वायू होता. वर काढला तवा संपलेला. साहेबांनी गाडीत घालून ताडाखाली ठेवला. मना बोलले, नोकरी पाहिजे तर तो सुटला असं सांग." तो भाविकाकडे वळला. "पोरी, मी चुकलो. जिथे सांगशील तिथे हे सांगेन."

"पण ताडी कशाला?" नरहरीने विचारलं. "टाकीतच तो प्यालेला होता म्हटलं असतं, तरी काम झालं असतं!"

मेघाली हसल्या. "उलट फसले असते. कामावर असताना मृत्यू झाला तर माणूस प्यालेला होता म्हणून भरपाई टळत नाही. म्हणून त्याला फाटकाबाहेर काढणं भाग होतं. ठेकेदाराचा माणूस होता म्हणून कंपनीही सुटत नाही. आणि हे पैसे असे घरी येऊन देता येत नाहीत, कामगार भरपाई आयुक्तांकडे जमा करावे लागतात. अनुजराव, तुमची सनद बघू?"

"ती... घरी आहे."

"वकिलाला दाव्यात हिस्सा घ्यायची मनाई आहे, हेही घरीच राहिलं वाटतं."

अनुजने कागद गोळा केले. हर्षित दाराकडे निघाला, तर दारात शालूने आधीच बोलावलेला हवालदार उभा. मिशी त्याची या खेपेला कोरडी होती आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

सगळे गेल्यावर नरहरीने सुस्कारा सोडला. दिवसभरात त्याचे तीन अंदाज चुकले होते, तरी आयुष्यात इतका नफा त्याला झाला नव्हता.

"म्हणजे ते कामावर होते," भाविका स्वतःशीच म्हणाली. "आता कोण त्यांना बेवडा नाय बोलणार."

"कोणी नाही," शालू म्हणाली.

मेघाली वकीलपत्र घेऊन आल्या, तेव्हा भाविकाची मान बाकाच्या पाठीवर कलली होती. मंगळवारपासूनची पहिली झोप. नरहरी तिला हाक मारायला वाकला.

"राहू द्या," मेघाली हळूच म्हणाल्या. "दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. तासभर झोपू दे तिला."

नरहरीने उठून पंख्याचं तोंड बाकाकडे वळवलं.