मुशीतलं नाव

माडबंदरच्या बाजारात सात दुकानं, एक टपाल कचेरी आणि एकच सोनार. सोनार सख्ख्या आईच्या नथीतलंही सोडत नाही असं गाव म्हणायचं आणि डोरलं तुटलं की त्याच पायऱ्या चढायचं. दुकान धोंडू सोनाराचं. त्यांचा मुलगा गुरुप्रसाद रसायनशास्त्र शिकून, गोव्यात औषधांच्या कारखान्यात सहा वर्षं काढून परत आला आणि बापाशेजारी बसला. त्याची श्रद्धा तराजूवर. दर सोमवारी प्रमाणित वजनं लावून तो तराजू तपासायचा, तेव्हा बाबा म्हणायचे, "झाली रे तुझी सोमवारची पूजा?"

बाबांची हातोडी डोळे मिटूनही ओळखता यायची. दोन हलके ठोके, एक जड, मग श्वासभर थांबणं. वय अठ्ठ्याहत्तर, पण गॅसचा बर्नर त्यांना चालत नसे. फुंकणी तोंडात धरून ते ज्योत हवी तशी वळवायचे. आपल्या छातीचा भाता अजून गळत नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्या वर्षी गावाने देवी माउलीला चांदीचा नवा मुखवटा करायचं ठरवलं. बाबांनी ते काम मागून घेतलं. "ह्यां माझां शेवटचां काम," ते म्हणाले, "मगे हात थरथरले तरी चलात." गावाने घरटी चांदी दिली. तोरड्या, करंडे, जोडवी, कुणाच्या बारशाचा वाळा. बाबा प्रत्येकाला ओट्यावर बसवून एकच प्रश्न विचारायचे: "ह्यां कोणाचां?"

उत्तरात देणाऱ्याचं नाव चालत नसे. ज्याच्या अंगावर ती चांदी वावरली त्याचं नाव हवं असे. मग बाबा चांदी वितळवायच्या मुशीवर वाकून ते नाव हळू आवाजात सांगत आणि त्यानंतरच फुंकणी उचलत. ही रीत त्यांच्याच घराण्यात होती. घराणं मूळ गोव्यातलं. फिरंग्यांच्या राज्यात देवळं पडू लागली तेव्हा अर्धं घर देव पाटीत घालून खाडी उतरून इकडे आलं आणि अर्धं तिथंच राहिलं. राहिलेल्यांना नवा देव मिळाला आणि नवी नावंही. निघताना त्यांनी बायकांच्या अंगावरची चांदी पळणाऱ्यांच्या हाती दिली होती. ती इथं वितळवताना जुनी नावं पहिल्यांदा मुशीत सांगितली गेली, म्हणजे निदान धातूत तरी ती उरावीत. गुरुप्रसादला ही गोष्ट आवडायची. खरी मात्र वाटायची नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी यशोदा तांडेल आली. पंचाहत्तरीची विधवा. तिच्या सासरच्यांची एके काळी गलबतं होती. तिने फडक्याची गाठ सोडली. आत चांदीचे सहा जाड, वेडेवाकडे तुकडे होते. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला दोन खांब आणि खाली समुद्राच्या लाटा.

"घे, दादा. माझो झिल म्हणता, घरात सोरो कित्याक शिंपडतंस, देवीक देवन टाक."

"कसलो सोरो? घरात दारू?"

"दर मंगळवारी हेच्यार विड्याचां एक कोरां पान आणि सोऱ्याचे दोन थेंब. सासू ठेवी, म्हणान मी ठेवतंय."

"ह्यां कोणाचां?"

"आमचांच."

"अंगार कोण घाली, तां विचारतंय."

"कोणच घाली नाय. खापरपणज्यान गोंयच्या बंदरातसून हाडलेलां."

"आणि तेच्या आदी?"

यशोदाने पदराने नाक पुसलं. म्हणाली, "तां माका खंय ठावक, दादा?"

बाबांनी तुकडे परत फडक्यात बांधले आणि फळीवर ठेवले. "मगे ह्यां मुशीत जावचां नाय."

गुरुप्रसादने त्याच दुपारी तुकड्यांचे फोटो काढून शोधाशोध केली आणि जेवताना शाळकरी पोरासारखा उत्साहात बाबांना सांगू लागला. ते तुकडे म्हणजे स्पेनच्या राजाची जुनी नाणी होती. ती ज्या डोंगरातून आली तो डोंगर पृथ्वीच्या पार पलीकडे, दक्षिण अमेरिकेत. स्पॅनिश लोकांनी तो मुलूख घेतला आणि गावोगावच्या दर सात पुरुषांमागे एकाला खाणीत धाडायचा नेम केला. तो निघाला की घरची माणसं मयताची गाणी म्हणत वेशीपर्यंत जायची. धुळीने, पाऱ्याने किती मेले त्याला गणती नाही. चांदी मात्र जगभर फिरली, तशी गोव्यातही आली. त्या डोंगरात माणसं अजूनही उतरतात आणि चाळिशीत छाती भरून मरतात.

"आणि गंमत ऐका, बाबा. खाणीत एक राखणदार देवचार बसवलेलो आसा. तेका रोज पानां आणि दारू देतत."

बाबांचा घास हातातच राहिला. वाढणारी रसिका, गुरुप्रसादची बायको, तीही थांबली. यशोदाच्या सासूला हे कुणी सांगितलं असेल, हा प्रश्न तिघांच्याही मनात आला आणि कुणीच विचारला नाही.

"म्हणजे तेंका नावां होती," बाबा इतकंच म्हणाले.

"असतलीच. पण ती आता खंय गावतली?"

"म्हणानच ती फळयेर रवांदेत."

पुढच्या आठवड्यात सगळी चांदी एकत्र ओतून पत्रा करायची वेळ आली आणि वजन कमी भरलं. लोकांच्या तोरड्यांत चांदी थोडी आणि भेसळ फार. पुन्हा घरोघर फिरावं तर जत्रा महिन्यावर आलेली. बाबा दुपारचे आडवे झाले होते. गुरुप्रसादने फळीकडे पाहिलं. चांदी नऊशे एकसष्ट अंशांना वितळते, मग ती कुणाच्याही डोंगरातली असो. त्याने सहाही तुकडे मुशीत टाकले. रीत मोडल्याचा दोष नको म्हणून, स्वतःशीच हसत, वाकून म्हणाला, "यशोदा तांडेल."

रसावर एक काळी साय आली. मळ काढणारी सवागी टाकून त्याने ती दोनदा काढली. ती दोनदा परत आली.

पत्रा झाला. बाबांनी तो राळेवर बसवून देवीचा चेहरा उठवायला घेतला. कपाळ, मग भुवया. गुरुप्रसाद कडेची वेलबुट्टी करत होता. दोन हलके, एक जड, थांबा. दोन हलके, एक जड. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की थांबण्याच्या जागी आणखी एक ठोका पडतो आहे.

चिऱ्याच्या भिंतींचा घुमारा असेल. त्याने दारं उघडी टाकून पाहिलं, राळ पोकळ असेल म्हणून उकळून नव्याने भरली, ऐरण हलवली. ठोका येतच राहिला. बोटं पत्र्यावर टेकवली की तो कळायचा. आतल्या बाजूने, खोलवरून, कुणीतरी टणक काहीतरी फोडत असल्यासारखा.

मग वजनाचं सुरू झालं. पहिल्या सकाळी मुखवटा चाळीस ग्रॅम जास्त भरला. त्याने तराजूची बॅटरी बदलली, प्रमाणित वजनं लावली. तराजू बरोबर होता. दुसऱ्या सकाळी आणखी साठ.

आणि बाबा खोकू लागले. रसिका त्यांची चादर झटकायला गेली तर अंगणात करडी पूड उडाली. बारीक आणि जड, चुलीतल्या राखेसारखी नव्हे. "मामंजींच्या केसांतसून येता," ती दबक्या आवाजात म्हणाली, "न्हाल्यार पण येता." गुरुप्रसाद चिडला. घाबरला की तो चिडायचा.

कुडाळच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यावर धरला आणि बराच वेळ पाहिला.

"खाणीत किती वर्षं होते हे?"

"खाणीत नाही, डॉक्टर. सोनार आहेत."

"ही दगडाची धूळ आहे. तीस-चाळीस वर्षांची. वडिलांना नीट विचारा."

परतीच्या वाटेवर गाडीत बाबांनीच विचारलं. "फळयेवरचां मुशीत घातलंस?"

"हो."

"नाव कोणाचां सांगलंस?"

"यशोदाकाकीचां."

बाबांनी डोळे मिटले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं गुरुप्रसादला वाटलं. "आमची नावां बदलली तेवा फिरंग्यांनी तांच केलां रे," ते म्हणाले. "एकाच्या अंगार दुसऱ्याचां नाव."

घरी आल्यावर ते तडक मुखवट्यासमोर बसले. चेहरा पुरा झाला होता, फक्त ओठांची रेघ राहिली होती. त्यांनी कान चांदीला लावला आणि विचारलं, "ह्यां कोणाचां?"

दुकानात माशी घोंगावत होती. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

"मामानी," बाबा म्हणाले. मुशीत सांगायचे तसंच, हळू. मग फुंकणीत सोडावा तसा लांब श्वास सोडला. "किस्पे." पुन्हा श्वास. "कोंदोरी."

बाबांनी आयुष्यात कोल्हापूरच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं आणि पंचांगापलीकडे काही वाचलं नव्हतं. गुरुप्रसादने ती नावं शोधली. ती त्याच डोंगराभोवतालच्या माणसांची होती.

संध्याकाळी मुखवटा अकरा ग्रॅमने हलका झाला होता.

मग रोज तेच. एक नाव, एक श्वास. मुखवट्याचं वजन उतरत गेलं आणि बाबाही उतरत गेले. दोन नावांमधलं अंतर वाढू लागलं. रसिका पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसून राहायची.

"पुरे, बाबा," गुरुप्रसाद शेवटी ओरडला. "कितके आसत ते? तुमचो श्वास पुरतलो काय?"

"कोणी विचारूकच नाय तेंका, गुरू. चारशे वर्सां."

"म्हणान तुमीच कित्याक?"

"तू घातलंस. मी बापूस तुझो."

हे ऐकून गुरुप्रसादला रडू फुटलं. त्याने मुखवटा उचलून कपाटात घातला आणि कुलूप लावलं. तासाभरात बाबांचे ओठ निळे पडले आणि कपाटाची फळी आतून थरथरू लागली. त्याने कुलूप काढलं.

दुसऱ्या दुपारी त्याने ठरवलं. चूक आपली, तर विचारायचं आपण. बाबांना आतल्या खोलीत निजवलं, रसिकाला त्यांच्या उशाशी बसवलं आणि तो एकटा दुकानात मुखवट्यासमोर बसला. कान लावला. चांदी ओल्या चिऱ्यासारखी गार होती.

"ह्यां कोणाचां?"

काही नाही.

त्याने पुन्हा विचारलं. मराठीत विचारलं. हात जोडून विचारलं. आत ठोके पडत होते, पण त्याच्याशी कुणी बोलेना. आतल्या खोलीतून बाबांचा खोकला ऐकू येत होता. तो ऐकू येतोय तोवर बरं, असं म्हणत तो विचारत राहिला. ऊन ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेलं.

मग ठोके थांबले.

त्याने श्वास रोखला.

चांदीच्या आतून दोन हलके ठोके पडले. मग एक जड.

खोकला केव्हा थांबला होता ते त्याला कळलंच नव्हतं.

"ह्यां कोणाचां?" त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"धोंडू," आतून उत्तर आलं. अगदी जवळून. आणि त्याच वेळी आतल्या खोलीत रसिकाने हंबरडा फोडला.

बारावं-तेरावं आटपलं. पाहुणे गेले. ओठांची रेघ गुरुप्रसादने ओढली. मुखवट्याचं वजन ठरल्याप्रमाणे भरलं आणि पुन्हा बदललं नाही. जत्रेच्या सकाळी देवीचा मानकरी शंकर गावकर याने तो देवीला चढवला आणि गाऱ्हाणं घातलं. गावरहाटीतल्या बारा पाचाच्या देवापासून वेशीवरच्या देवचारापर्यंत सगळ्यांची नावं घेतली. गाव दर नावाला "होय महाराजा" म्हणत होता. देवीचा चेहरा बाबांनी केलेला. लोक बघत राहिले. यशोदा तांडेल गुरुप्रसादपाशी येऊन कुजबुजली, "धोंडूदादान सोनां केल्यान रे चांदयेचां." त्याने मान हलवली.

आता तो दर मंगळवारी दुपारी देवळात जातो. तेव्हा तिथं कुणी नसतं. देवीसमोर एक कोरं पान ठेवतो. मुखवटा पुसायच्या निमित्ताने कान जवळ नेतो. दोन हलके, एक जड. मग श्वासभर थांबणं.

काय करायचं ते त्याला ठाऊक आहे. वाकायचं आणि नाव सांगायचं. खाणीतल्यांचे ठोके त्या दुपारीच थांबले; आता एकच नाव उरलं आहे, बाबांचं. ते सांगितलं की आतलं मोकळं होईल आणि ठोका थांबेल. प्रत्येक मंगळवारी नाव त्याच्या जिभेवर येतं. प्रत्येक मंगळवारी तो ते गिळतो. फडकं घडी करतो आणि "येतंय, बाबा" म्हणून पायऱ्या उतरतो.

हल्ली तो रसिकाच्या आधी उठतो. उशीवरची करडी पूड हाताने गोळा करतो, मागीलदारी नेऊन माडाच्या आळ्यात टाकतो आणि वरून पाणी ओततो.