ड्वेनची हाक

"पॉवरहाऊसवरच्या मर्लने हे मला एकट्यालाच सांगितलंय," म्हणत व्हर्जिल आजोबांनी कॉफीचा मग खाली ठेवला. अंधार पडला होता. आम्ही पोरं जवळ सरकून बसलो.

तर सतरा जानेवारी, पहाटेचे दोन चाळीस. नेब्रास्कातलं आमचं गाव बर्फाने गोठलेलं, बाहेरून येणारी विजेची लाईन तुटलेली. वृद्धाश्रमात चौतीस म्हातारी माणसं, हीटर बंद. मर्ल नगरपालिकेच्या जुन्या पॉवरहाऊसवर गेला, डिझेलचं इंजिन चालू करायला. एकटाच. जोडीदार कोल्बी वाटेत अडकला होता.

खरं तर काम दोघांचं. एकाने खाली पहारीने इंजिनाचं मोठं चाक थोडं फिरवायचं, बाजूला व्हायचं आणि हाक द्यायची, "उघड!" मगच दुसऱ्याने वरून इंजिन सुरू करायला दाबाची हवा सोडायची. कारण हवा सुटली की ते चाक असं गरगरतं ना, विचारू नका! त्याच्या दोन वर्षं आधी चाकापाशी ड्वेन होता, मर्लचा एकोणीस वर्षांपासूनचा दोस्त. मर्लने घाई केली. ड्वेन गेला. आणि चौकशीत हा पठ्ठ्या बिनधास्त म्हणाला, "त्याने हाक दिली, मी ऐकली." झालं! गाव म्हणायला लागलं, ड्वेनचीच चूक.

त्या रात्री मर्लने स्वतःच चाक फिरवलं, पहार भिंतीला टेकवली, वर चढला. व्हॉल्व्हवर हात ठेवला...

खण्ण.

खाली पहार पुन्हा चाकात शिरली. चाक हळूहळू फिरायला लागलं.

"कोल्बी? आलास का रे?"

...

"बाजूला हो लेका! तिकडे म्हातारे गारठतायत!"

खण्ण.

"निदान हाक तरी दे!"

"हाक?" आवाज ओळखीचा. "ती तर तू ऐकली होतीस ना, मर्ल?"

वृद्धाश्रमाचा फोन वाजत होता. खाली कोणीतरी होतं. हवा सोडवेना.

"नव्हती," मर्ल पुटपुटला. "तू हाक दिलीच नव्हतीस. मी... खोटं बोललो."

खाली चाक थांबलं.

मग अगदी कानाशी...

"उघड."

इंजिन धडधडलं. गावात दिवे आले.

साडेचारला कोल्बी पोचला. "कानाला काय फासलंयस रे?"

मर्लने आरशात पाहिलं. उजव्या कानाभोवती काळ्या तेलाचा पंजा. गुपित सांगताना आपण हात धरतो ना, तसा. घासला तरी जाईना.

"मग त्याने ड्वेनच्या बायकोला खरं सांगितलं?" मी विचारलं.

"छे." आजोबांनी कॉफीचा मग पुन्हा उचलला. "रविवारी चर्चमध्ये बघा. सगळे टोप्या काढतात. मर्ल कानावरचा हात काढत नाही."