शेजारच्या बंद क्वार्टरमधला संसार

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नीट वाचावं.

हे भर उन्हात घडलंय.

आणि शंभर टक्के खरं आहे.

भिलाई, सेक्टर वन. एकोणीसशे एकसष्टचा वैशाख. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या पंचफुलाबाईंच्या उजव्या बाजूला माझी मावशी शेवंता राहायची. मावशीने डोळ्यांनी पाहिलं ते, आणि पंचफुलाबाईंनी तिच्या ओट्यावर बसून सांगितलं ते, एवढंच इथे लिहितोय. पदरचं काही नाही.

पंचफुलाबाईंच्या डाव्या बाजूचं क्वार्टर रिकामं होतं. सगळी लाइनच नवी. ते अजून कोणाला मिळालं नव्हतं. दाराला ऑफिसचं कुलूप.

पंचफुलाबाई भंडाऱ्याकडच्या. नवरा देवराव वारला, तसा मुलगा तेजराम त्यांना इकडे घेऊन आला. तो प्लांटात, म्हणजे पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर होता. आई आली आणि तिच्यामागून ट्रकभर सामान आलं.

कारण देवरावने जन्मात कधी घरातली काडी बाहेर टाकू दिली नव्हती.

बुडाला भोक पडलेले तेलाचे डबे. काचा फुटलेले कंदील. मोडकी सुपं, दांडा नसलेल्या कुदळी. बैल विकले, पण त्यांच्या घुंगरमाळा ठेवल्या. कोणी काही टाकायला काढलं की देवराव ते हातातून घ्यायचा, बोटाच्या पेराने वाजवून पाहायचा...

टक टक.

"राहू दे. लागते कवातरी."

एकदा थंडीत पंचफुलाबाईंनी एका भिकारणीला फाटकी गोधडी दिली. देवराव तळ्यापर्यंत चालत गेला. तिच्या अंगावरून गोधडी ओढली आणि घरी आणली.

पंचफुलाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. नवऱ्याला "अहो-जाहो" करणारी, खाली मान घालून राहणारी बाई.

मरताना देवरावने तेजरामचा हात धरून शब्द घेतला. काही टाकायचं नाही.

झालं. भिलाईच्या त्या लहानशा क्वार्टरमध्ये छतापर्यंत ढीग लागले. माणसं भिंतीला अंग घासत चालायची. तेजरामची बायको कौशल्या पोटुशी. तिला पाय पसरून झोपायला जागा नव्हती.

एके दिवशी ढिगातून स्वयंपाकाचा गंज ओढताना तिला विंचू चावला.

रात्रभर ती तळमळली. पोटातलं लेकरू हलायचं थांबलं...

उजाडता उजाडता एकदाचं हललं.

पंचफुलाबाई सुनेच्या पायाशी बसून होत्या. त्या उठल्या. पदर खोचला.

"आता बस झालं."

तेजराम घाबरला. "आई, बाबाले शब्द देल्ला हाय म्या."

"तू देल्ला. म्या नाई देल्ला. रोज एक वस्तू काढीन. सारं एकदम काढलं तं तुयाच्यानं पाहवणार नाई. म्हणून रोज एक."

पहिल्या दिवशी त्यांनी तेलाचा डबा काढला. समोरच्या नव्या लाइनीत बांधकाम चालू होतं. तिथे जवळच्या रुआबांधा गावची मथुरा नावाची छत्तीसगढी बाई विटा वाहायची. तिला गोवऱ्या ठेवायला डबा हवाच होता. खूश होऊन घेऊन गेली.

दुपार झाली. बाहेर गरम वाऱ्याची लू सुटली होती. सगळ्यांची दारं बंद. कौशल्या झोपलेली. पंचफुलाबाई डाव्या भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला...

टक टक.

त्यांचा हात सुपातच थांबला.

मग काहीतरी घासल्याचा आवाज. पत्र्याचा डबा जमिनीवर सरकवून कोपऱ्याला लावावा, तसा.

पलीकडे कुलूप होतं. पलीकडे कोणी नव्हतं.

त्यांनी भिंतीला हात लावला. वैशाखात त्या भिंती तव्यासारख्या तापायच्या.

ती भिंत गार होती.

दुसऱ्या दिवशी मथुरा आली. चेहरा उतरलेला.

"दाई, तोर डब्बा नइ मिलत हे. घर मा रखे रहेंव." तिने घरात ठेवलेला डबा कोणी नेला ते कळत नव्हतं.

 पंचफुलाबाईंनी आत जाऊन एक कंदील काढला. नाक्यावरच्या चहावाल्याला देऊन टाकला.

दुपारी पुन्हा...

टक टक.

कंदिलाची कडी खुंटीवर अडकवल्याचा बारीक आवाज.

तिसऱ्या दिवशी घुंगरमाळ. एका गाडीवानाने हौसेने बैलाच्या गळ्यात बांधली. कुम्हारी गावाकडे जायला निघाला होता. अर्ध्या वाटेत पाहतो तर बैलाचा गळा मोकळा. आणि इकडे भर दुपारी पलीकडच्या बंद खोलीत घुंगरं वाजत होती. छुम... छुम... एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेल्यासारखी.

त्या दिवशी तो आवाज शेवंतामावशीनेही ऐकला. तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्या बाईच्या हातचं काही घेऊ नका, ते टिकत नाही, असं लाइनीत झालं. कोणी काही घेईना. मग पंचफुलाबाई वस्तू मुरमाच्या ढिगावर नेऊन ठेवायला लागल्या. डोळ्याचं पातं लवेपर्यंत वस्तू नाहीशी व्हायची. आणि भिंतीपलीकडे टक टक.

तेजराम रडकुंडीला आला. "आई, बाबा नाराज हायेत. थांब ना आता! कावून हट्ट करून राहिली?"

"जिते होते तवर ऐकलं. आता मेल्यावरबी ऐकू काय?"

"काही वाईट झालं तं?"

"वाईट तं झालतंच. विंचू मले नाई चावला, तुया बायकोले चावला."

त्या थांबल्या नाहीत. वैशाख सरला, ज्येष्ठ संपत आला. घरात जमीन दिसायला लागली. कौशल्या पाय पसरून झोपू लागली. पंचफुलाबाईंची मात्र दुपारची झोप गेली होती. भिंतीपलीकडचे आवाज ऐकून त्यांना आता कळायचं की पलीकडे नुसता ढीग लागत नाहीये.

कोणीतरी घर मांडतंय.

शेवटी शेवटी बाज काढली. देवरावची बाज. तिच्यावरच त्याने प्राण सोडला होता. त्या दुपारी पलीकडे बाज टेकवल्याचा आवाज आला... आणि मग सुंभ करकरला. माणूस दमून बसल्यावर करकरतो, तसा.

 पंचफुलाबाई मनात म्हणाल्या, बसा. बसा तिकडेच.

मोकळ्या झालेल्या जागेत तेजरामने पाळणा टांगला. प्लांटात मशिनींची मोठी खोकी यायची, त्यांच्या फळ्यांचा. स्वतः रंधा मारून केलेला. कौशल्या त्याच्याकडे पाहत झोपायची.

दुसऱ्या दुपारी पंचफुलाबाई नळावरून पाण्याचा गुंड भरून आल्या. दारातच थबकल्या.

छताचा आकडा रिकामा होता.

खाली कौशल्या गाढ झोपेत.

पाळणा नव्हता.

त्यांनी तो काढला नव्हता. कोणाला दिला नव्हता. टाकला नव्हता. आजवर त्याने टाकलेलंच नेलं होतं. आज पहिल्यांदा तो घरात येऊन घेऊन गेला होता... झोपलेल्या गरोदर बाईच्या अंगावरून.

भिंतीपलीकडून संथ आवाज येत होता.

करर्... करर्...

पाळण्याच्या दोरीचा.

पंचफुलाबाईंनी डोक्यावरचा गुंड खाली ठेवला. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि बाहेर पडल्या. त्यांच्या तोंडाकडे पाहूनच शेवंतामावशी मागे धावली.

"पंचफुलाबाई, अवं कुठं चालल्या? तेजरामले येऊ द्या!"

 त्यांनी कुलपावर वरवंटा घातला. पुन्हा घातला. कोयंडा उखडला. दार आपोआप आत गेलं.

मावशी उंबऱ्याच्या अलीकडेच थिजली.

आत गारठा होता. जमीन शेणाने सारवलेली, ओली. नव्या सिमेंटच्या क्वार्टरमध्ये! डाव्या हाताला डब्यांची उतरंड. खुंटीवर कंदील, घुंगरमाळ. कोपऱ्यात कुदळी. जिथलं तिथे. भंडाऱ्याकडचं त्यांचं विकलेलं घर जसंच्या तसं मांडलं होतं. चुलीसमोर दोन पाट, दोन ताटं.

समोर बाज. रिकामी.

पण बाजेचा सुंभ मधोमध खाली दबलेला होता.

बाजेशेजारी पाळणा हलत होता. आपोआप.

दुसऱ्या पाटाकडे पंचफुलाबाईंनी एकदाच पाहिलं. तो कोणासाठी मांडलाय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या सरळ चालत गेल्या आणि पाळण्याची फळी दोन्ही हातांनी धरली.

पाळणा थांबला.

मग पलीकडून ओढ लागली...

त्या पुढे फरफटल्या. टाचा सारवणात रुतल्या. मावशीला पलीकडे कोणीच दिसत नव्हतं. फक्त दोरी ताणलेली. फळी कडकडत होती.

"त्या भिकारणीच्या अंगावरची गोधडी ओढून आणली," पंचफुलाबाई दात आवळून बोलत होत्या, "तवा मी गप्प रायली. जलमभर गप्प रायली. तुमचे डबे घ्या. कंदील घ्या. सारा कचरा घ्या. मी काई म्हणत नाई."

ओढ वाढली. त्यांच्या हातातून रक्त निघालं.

"हा पाळणा माया नातवंडाचा हाय. अन् त्या पाटावर मी येऊन बसन, हे मनातून काढा."

टक टक.

अगदी त्यांच्या जवळून. पाळण्याच्या फळीवर.

आणि तेव्हा पंचफुलाबाईंनी जे केलं, ते शेवंतामावशी शेवटपर्यंत सांगायची. ज्या बाईने उभ्या आयुष्यात नवऱ्याला एकेरी हाक मारली नव्हती, ती ओरडली,

"सोड!"

लाइनभर ऐकू गेलं.

"सोड म्हणते ना! सोड!"

दोरी सुटली. त्या पाळण्यासकट मागे कोलमडल्या, दारातून थेट मावशीच्या अंगावर. दोघी ओट्यावर पडल्या. दार धाडकन बंद झालं.

संध्याकाळी भोंगा झाल्यावर तेजराम आला. चार माणसं घेऊन त्याने दार उघडलं.

आत काही नव्हतं.

कोरं सिमेंट. डबा नाही, बाज नाही, सारवण नाही. पंचफुलाबाईंच्या तळहाताला मात्र भेगा पडलेल्या होत्या, आणि पाळणा अंगणात होता.

आषाढात कौशल्याला मुलगी झाली. रमा. धडधाकट. त्याच पाळण्यात वाढली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

पावसाळा सरला आणि ते क्वार्टर गयाबाईच्या कुटुंबाला मिळालं. बालाघाटकडची माणसं. थोडकं सामान, दोन ट्रंका. आल्या दिवसापासून गयाबाईची कुरकुर सुरू.

"खोली रिकामी हाय, पण ठेचा लागतेत."

तिच्या नवऱ्याची नडगी फुटली. खोलीच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं तिथे. भिंतीला ट्रंक लावायला जावं तर ती हातभर अलीकडेच अडायची. अंधारात नाही, भर दिवसा.

पंचफुलाबाईंनी ऐकलं. कडेवर रमा होती, तिला शेवंतामावशीकडे दिलं. आणि त्या खोलीत गेल्या. कुठे वळसा घालत, कुठे अंग चोरत चालल्या. भरल्या घरातून चालावं तशा. एकदाही ठेच लागली नाही.

मग वाकल्या. रिकाम्या हवेत दोन्ही हात घातले आणि काहीतरी उचललं. मानेच्या शिरा ताणल्या. तसंच बाहेर आणलं आणि मुरमावर फेकलं.

खण्णकन पत्र्याचा डबा पडल्याचा आवाज झाला.

मुरमावर काही दिसलं नाही.

"आजचं झालं," त्या गयाबाईला म्हणाल्या. "उद्या येते. रोज एक काढू."

आणि त्या खरंच रोज यायच्या. हातातली कामं टाकून. बायका दारात उभ्या राहून पाहायच्या. एक बाई रिकामे हात घेऊन आत जाते, ओझ्याने वाकून बाहेर येते. कधी लोखंड आपटल्याचा आवाज, कधी घुंगरांचा. हळूहळू गयाबाईच्या ट्रंका भिंतीला लागल्या. ठेचा थांबल्या.

बाज तेवढी राहिली.

त्या दिवशी पंचफुलाबाई कितीतरी वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या.

"लई जड हाय का?" गयाबाईने भीत भीत विचारलं.

"बाज जड नाई. वर बसला हाय तो उठून नाई राहिला."

"माय वं! मंग आता?"

"आता काय? बसू दे. उद्या मी येतेच. पाहू, कोण पहिले थकते."

पुढे मावशीच्या यजमानांची बदली झाली. तिने भिलाई सोडली तोपर्यंत पंचफुलाबाई त्या खोलीत जातच होत्या. बाज निघाली की नाही, तिला कधी कळलं नाही.

एवढं मात्र ती सांगायची. गयाबाईची लहान मुलं त्या खोलीत पकडापकडी खेळायची. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. तरी धावताना एका कोपऱ्याशी आली की सगळी वळसा घालायची.

मी एकदा विचारलं, "मावशी, तू त्या कोपऱ्यात कधी गेलीस?"

तिने हातातला अडकित्ता खाली ठेवला.

मग म्हणाली, "गेली होती एकदा. सवाशीण जेवायला बोलावलं होतं गयाबाईनं. मी त्या बाजूने जात होती, आन् कोणीतरी... मले जागा द्यायले म्हणून... पाय वर घेतले."

"दिसलं?"

"नाई. सुंभ करकरला."